टिटवाळ्याच्या पलीकडे जपान

मंदाकिनीच्या घरी जपानचे पाहुणे उतरणार, ही बातमी सगळ्या कल्याणात पसरवली ती खुद्द मंदाकिनीनेच.

वर्गात शिरली, दप्तर बाकावर आपटलं आणि म्हणाली, "ऐका गं सगळ्याजणी! आमच्याकडे पाहुणे येताहेत. जपानहून!"

"जपानहून खेळणी येतात, पाहुणे कुठले?" हेमा म्हणाली. हेमा मंदाची जिवाभावाची मैत्रीण, त्यामुळे मंदाच्या प्रत्येक वाक्यावर गार पाणी ओतायचा हक्क तिचाच.

"विमानाने येताहेत. आणि त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे आहे."

आता हे काम अजून कुणी तिला दिलेलं नव्हतं. पण गॅदरिंगमध्ये इंग्रजी भाषणात पहिला नंबर आल्यापासून मंदाचं असं झालं होतं की आधी बोलून टाकायचं, गोष्टी मागून होतात! हीच मुलगी पूर्वी हजेरीलासुद्धा अशी पुटपुटायची, की बाई तिला हटकून गैरहजर लावायच्या. एका भाषणाने तिच्या गळ्याला जे दार फुटलं, ते मिटायचं नावच घेईना.

आणि काय आश्चर्य, गोष्ट खरंच मागून झाली. मंदाचे वडील, त्र्यंबकराव, शेतकी खात्यात होते. त्या वर्षी जिकडेतिकडे जपानी पद्धतीच्या भातलागवडीचं वारं होतं, आणि ऐन लावणीच्या दिवसांत कल्याणला शाळेच्या हॉलमध्ये मोठी भातपरिषद भरायची होती. कल्याणात साहेबी थाटाचं हॉटेल कुठलं? म्हणून पाहुणे अधिकाऱ्यांच्या घरोघर वाटून दिले. पारनाक्यावरच्या त्र्यंबकरावांच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला आले हिरातासाहेब. जपानातल्या कुठल्याशा केंद्रात त्यांनी उभं आयुष्य भातावर घालवलेलं.

"ठाण्याच्या साहेबांनी बजावलंय," त्र्यंबकराव घरात शिरता शिरता म्हणाले, "परदेशी माणूस आहे, आपलं खाणं अजिबात घालायचं नाही. पोट बिघडलं तर परिषद बुडाली म्हणून समजा. पाव, लोणी, उकडलेलं काय ते द्यायचं."

सुमतीबाईंनी, म्हणजे मंदाच्या आईने, केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई! भाताच्या पंडिताच्या पानात हा भात वाढायचा?" त्यांनी डब्यातले मूठभर तांदूळ काढून नवऱ्यापुढे धरले. ते रेशनचे दिवस होते. मुठीत तांदूळ कमी आणि कणी जास्त, वर खड्यांची खैरात. शिजायला लागला की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. "त्यांनी विचारलं, वहिनी, ही कुठली जात? तर काय सांगू, रेशनची?"

झालं. हिरातासाहेब घरात असेतो भाताने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही, असा हुकूम निघाला.

मग त्र्यंबकराव मंदाकडे वळले. "मी परिषदेत अडकणार. त्यांचं हवं-नको तू बघशील? नीट?"

आजवर अण्णांनी तिला 'दार लाव' आणि 'दिवा मालव' यापलीकडे कसली जबाबदारी दिली नव्हती. मंदा ताठ उभी राहिली. "तुम्ही अगदी निर्धास्त असा, अण्णा. पाहुणे परत जाताना म्हणतील, पुन्हा येईन तर ह्यांच्याच घरी!"

"एवढं नको. हसतमुखाने गेले तरी पुरे."

*

हिरातासाहेब आले, आणि पहिल्यांदा दारात थांबून त्यांनी बूट काढले. सुमतीबाई दाराआडून बघत होत्या. त्या कुजबुजल्या, "अगं, साहेब असून बूट काढतो! वळण चांगलं आहे हो."

बुटकीशी मूर्ती, पिकलेले केस, गोल चष्मा. कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, म्हणून त्र्यंबकराव वाकले. ते पुन्हा वाकले, म्हणून हे पुन्हा वाकले. मंदाला हसू आवरेना. तिने मोठ्याने, गॅदरिंगच्या आवाजात, इंग्रजीत स्वागताचं वाक्य म्हटलं. ते पाठ केलेलं होतं म्हणून छान गेलं. पुढची वाक्यं मात्र हातपाय हलवून पुरी करावी लागली. पण हिरातासाहेबांचं इंग्रजीही बेताचंच निघालं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. एकाला शब्द सापडला नाही की दुसऱ्याने शोधायचा.

बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. शेजारच्या डॉक्टरांकडून काटा-सुरी आणली. स्टेशनाजवळच्या इराण्याकडून पाव आला, मस्का आला. उकडलेले बटाटे, उकडलेला दुधी, उकडलेली फरसबी. त्यात मिरची नाही, फोडणी नाही, मीठसुद्धा घाबरत घाबरत घातलेलं. हिरातासाहेबांनी हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि सगळं संपवलं. पावाचा तुकडासुद्धा ठेवला नाही.

"आवडलं वाटतं!" सुमतीबाई खूश. रात्री दोन बटाटे जास्त उकडले गेले. तेही संपले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पाहुणे जितक्या निमूटपणे संपवीत, तितकं ताट वाढत चाललं; आणि ताट जितकं वाढत चाललं, तितके पाहुणे निमूट होत चालले.

घरच्यांची पंगत मात्र आत. पाटावर बसून, दार लोटून, दबल्या आवाजात. तरी त्र्यंबकराव परिषदेतल्या गमती सांगायचे, कुणीतरी खुदकन हसायचं, आणि बाहेर काट्याचा आवाज थांबायचा. मंदा फटीतून बघायची. हिरातासाहेब काटा हातात धरून दाराकडे कान देऊन बसलेले असत. दमट कपडे वाळत घातलेल्या त्या खोलीत, खुर्चीवर, एकटे.

एका संध्याकाळी ते ओटीवर उभे होते. पाऊस थांबून आभाळ जरा उजळलं होतं.

"मंदासान," त्यांनी आदराने 'सान' लावत विचारलं, "माझं घर कुठल्या बाजूला?"

मंदाने भूगोल आठवला. जपान पूर्वेला. पूर्व कुठे? तिने हात लांब केला. "त्या बाजूला. टिटवाळ्याच्या पलीकडे."

"टिटवाळा? मोठं शहर?"

"छे! गणपतीचं देऊळ आहे, आणि भाताची शेतं. तुम्ही शेतकऱ्यांना लावणी करून दाखवणार ना, ती तिथेच."

ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग खिशातून एक फोटो काढून दाखवला. मंदाच्याच वयाची मुलगी, कपाळावर केस कापलेले, ओठ घट्ट मिटून हसू दाबलेलं. "योशिको. मी दूर आहे, म्हणून ती घरी राज्य करते." हे बोलताना ते हसले खरे, पण फोटो खिशात ठेवायला त्यांना अंमळ वेळच लागला.

मंदाला त्या दिवसापासून चैन पडेना. तिने काय काय केलं नाही! पेटी वाजवून दाखवली. कोपऱ्यावरच्या देवळातून फूल आणून दिलं. चहात जास्त साखर घातली, जास्त दूध घातलं. हिरातासाहेब प्रत्येक गोष्टीला वाकून आभार मानत आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसत. पावसातल्या मांजरासारखे.

*

शेवटी शनिवारी ते त्र्यंबकरावांना म्हणाले, डोकं जड आहे, झोप येत नाही. परिषदेतला निबंध वाचून झाला, आता टिटवाळ्याचं प्रात्यक्षिक दुसऱ्या कुणी केलं तर चालेल का? मिळेल त्या विमानाने घरी जावं म्हणतो.

त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. टिटवाळ्याच्या धोंडीबाने आपलं शेत तयार ठेवलं होतं. गावोगावचे शेतकरी येणार होते, तेही भाषण ऐकायला नव्हे, जपानी माणूस स्वतः चिखलात उतरून कशी लावणी करतो ते बघायला. ठाण्याच्या साहेबांचा निरोप आला तो असा: 'घरगुती व्यवस्था मानवलेली दिसत नाही. उद्या दुपारी मोटार पाठवतो, पाहुण्यांना मुंबईच्या हॉटेलात हलवा. विमान मिळेपर्यंत तिथेच राहू देत.'

"घरगुती व्यवस्था मानवली नाही," त्र्यंबकराव पुन्हा म्हणाले. मंदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रागावले असते तर बरं, असं तिला झालं.

रविवारी सकाळी हेमा फाटकाशी हजर. "काय गं, तुमचा जपानी पळतोय म्हणे?"

"पळत नाहीये. प्रकृती बरी नाही त्यांची."

"एवढं इंग्रजी ऐकून कुणाची राहील?"

एरवी मंदाने तिला जागच्या जागी गप्प केलं असतं. आज ती नुसतीच आत निघून गेली, तेव्हा हेमाच घाबरली. "अगं मंदे, थट्टा केली गं!" अशी बराच वेळ हाका मारीत बसली.

दुपारी त्र्यंबकराव मोटारवाल्याला घर दाखवायला स्टेशनाजवळ जाऊन थांबले. सुमतीबाई काटा-सुरी परत द्यायला डॉक्टरांकडे गेल्या आणि अर्थातच तिथेच बोलत बसल्या. हिरातासाहेब खोलीत सामान आवरत होते. मंदा मागच्या दारी पायरीवर येऊन बसली, मांडीत भाताचं तपेलं घेऊन.

मन उदास असलं की मंदाला खरवड लागे. तपेल्याच्या तळाशी भात धरतो, तांबूस, कुरकुरीत होतो, तो उलथन्याने खरवडून काढायचा आणि वर मिठाचे चार खडे घालून खायचा. सुमतीबाईंना खरवडीची फार लाज. त्यांच्या मते भात लागणं म्हणजे स्वयंपाक करणारणीचा पराभव. आणि आज पाहुणे जाणार ह्या काळजीत तो असा सणसणीत पराभव झाला होता की निम्मं तपेलं खरवडच! मंदाने उलथनं चालवलं. खर्र, खर्र. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंड चालू होतं.

आणि पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

हिरातासाहेब! अनवाणी, बाह्या दुमडलेल्या, एका हातात अर्धी घडी घातलेला सदरा. वास घेत घेत आले असावेत, कारण नाक अजून पुढेच होतं.

मंदाने तपेलं चटकन पाठीमागे लपवलं. गेली, घराची उरलीसुरली अब्रूही गेली! परदेशी पाहुण्याने यजमानांच्या मुलीला मागच्या दारी बसून करपलेलं खाताना पकडलं.

पण ते खाली बसले. उकिडवे, अगदी शेतकऱ्यासारखे. आणि लहान मूल दाखवतं तसं बोटाने तिच्या पाठीमागे दाखवलं.

"हे..." मंदा म्हणाली, "हे चांगलं नाही. हे खाली राहिलेलं. करपलेलं."

त्यांनी मान हलवली, करपलेलं ते कळतंय अशा अर्थाने. बोट मात्र तसंच.

आता काय करावं? उष्टं देता येत नाही, नाही म्हणता येत नाही. तिने तपेलं पुढे घेतलं, हात न लागलेल्या बाजूची चांगली मोठी खपली सोडवली, मीठ घातलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. हिरातासाहेबांनी ती तोंडात घातली. कुर्रकन आवाज झाला. त्यांनी चष्मा काढला. मग डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी खाली आलं.

मंदा घाबरली. "लागलं का? खडा होता का?"

"योशिको," ते म्हणाले. "योशिको आणि तिचा भाऊ ह्याच्यासाठी भांडतात. घरात रोज भांडण. मी म्हणतो, बापाचा मान, आणि मी खातो." आणि ते हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा दात दिसले. "तुमच्या घरी... भात असतो?"

"असतो म्हणजे?" मंदाला प्रश्नच कळेना. "रोज असतो! दोन्ही वेळा!"

"दोन्ही वेळा," ते पुटपुटले. मग अडखळत, शब्द शोधत, मधूनच खरवडीचा तुकडा मोडत त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना वाटलं होतं, ह्या देशात तांदळाचा तुटवडा आहे, रेशन आहे. ह्या घरात तांदूळ नसेल म्हणूनच पाव देतात. लढाईनंतर आमच्याकडेही असंच होतं. पाहुण्याने भात मागितला असता, तर घरच्यांना कुठून कुठून उसना आणावा लागला असता. मग कसं मागायचं? म्हणून जे येईल ते संपवायचं. टाकलं तर यजमानांना वाईट वाटेल.

"आणि बटाटा," ते फार गंभीरपणे म्हणाले, "खूप आला."

मंदा हसत सुटली. तपेलं मांडीत गडगडायला लागलं. लाजेपोटी आई भात देत नव्हती आणि लाजेपोटी पाहुणे भात मागत नव्हते. मध्ये इराण्याची चंगळ झाली! ती उठली आणि तशीच, खरकट्या हाताने, डॉक्टरांच्या दाराकडे धावली.

"आई! आधी घरी चल! त्यांना भात हवाय!"

"कुणाला?"

"जपानला! आपला भात! साधा!"

सुमतीबाईंच्या हातातला चहाचा कप कलंडला. घरी येईपर्यंत त्यांचं तोंड चालू होतं. "अगं, पण हा भात? रेशनचा? आणि तू त्यांना खरवड दिलीस? मंदे, जीव देऊ का मी? एवढ्या मोठ्या माणसाला खरवड?"

"मागून घेतली त्यांनी. रडले खाताना."

"रडले?" सुमतीबाई थांबल्या. काय वाटलं कोण जाणे, त्यांचा स्वरच बदलला. "घरची आठवण झाली असेल गं. आणि आपण ह्यांना बाहेर एकटं टेबलावर बसवत होतो." पदर खोचून त्या आत शिरल्या. "पाट मांड. आत, स्वयंपाकघरात. त्यांना म्हणावं, पाय धुवून या."

तांदूळ निवडायला मायलेकी दोघी बसल्या. खडा न् खडा काढला. मऊ, गुरगुट्या भात शिजला. वर तुपाची धार, बाजूला मेतकूट, आणि बरणीच्या तळातलं वर्षभर मुरलेलं खारातलं लिंबू. काटा तर परत गेला होता! हिरातासाहेबांनी सामानातून आपल्या जेवायच्या दोन काड्या आणल्या, हात जोडले आणि पहिला घास घेतला. मग लिंबाचं टोक चाखलं आणि कपाळ असं काही आक्रसलं, की सुमतीबाई घाबरल्या.

"आमच्या घरी," ते म्हणाले, "आजारी पडलो की असाच भात, आणि असंच आंबट-खारट. लिंबू नाही, दुसरं फळ. पण हेच."

मंदाने सांगितल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "अगं, आजाऱ्याला दुसरं काय देतात? त्यांना सांग, तांदूळ फार वाईट आहे, राग मानू नका."

मंदाने सांगितलं. हिरातासाहेबांनी एक शीत काडीने उचललं, उजेडात धरलं, चष्म्याखालून न्याहाळलं.

"हो," ते म्हणाले. "फार वाईट तांदूळ."

आईला हे सांगायचं कसं?

"जुना. ओल लागलेला. पण शिजवलाय..." त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. "शिजवलाय उत्तम."

मंदाने तंतोतंत सांगितलं. सुमतीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "खरं बोलणारा माणूस आहे हो! घ्या भाऊजी, आणखी घ्या." साहेबाचा भाऊजी कधी झाला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

नेमके त्याच वेळी त्र्यंबकराव दारात. "मोटार आली आहे. सामान..." आणि तिथेच थबकले. ज्या माणसासाठी ठाण्यापर्यंत धावपळ चालली होती, तो त्यांच्या पाटावर मांडी घालून त्यांचंच मेतकूट खात होता.

"अण्णा, हळू बोला," मंदा म्हणाली. "काका जेवताहेत."

हिरातासाहेब उठू लागले, तर सुमतीबाईंनी हातानेच बसवलं. मग बसल्या बसल्याच वाकून ते त्र्यंबकरावांना म्हणाले, "मोटार नको. डोकं बरं आहे. उद्या टिटवाळ्याला मी जाणार. हा तांदूळ पाहिल्यावर..." त्यांनी वाटीकडे काडी रोखली, "गेलंच पाहिजे."

मोटारीचा ड्रायव्हर राघो बाहेर हॉर्न वाजवत होता. मंदा धावत फाटकाशी गेली आणि अगदी गॅदरिंगच्या आवाजात म्हणाली, "परत न्या मोटार! साहेबांना सांगा, घरगुती व्यवस्था मानवली!"

पलीकडच्या ओटीवर हेमा उभीच होती. तिने लगेच टाळ्या वाजवल्या. तिची थट्टा जशी मोठी, तशी टाळीही मोठी.

*

दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याला धोंडीबाच्या शेताच्या बांधावर ही गर्दी! त्र्यंबकरावांनी परिषदेतली तज्ज्ञ मंडळी छत्र्यांखाली उभी केली होती. हिरातासाहेबांनी बूट काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ चिखलात उतरले.

"बग, सायब चिखलान उतरला!" धोंडीबाची बायको ठमाबाई ओरडली, आणि बांधावरची सगळी माणसं पुढे सरकली.

दोरी धरली गेली. ओळ सरळ, चूड म्हणजे रोपांची जुडी लहान, रोपारोपांत अंतर सारखं. हिरातासाहेब मागे मागे सरकत लावत होते, हात कसे झरझर चालत होते! शेतकरी प्रश्न विचारत, ते उत्तर देत. इंग्रजीचं मराठी त्र्यंबकराव करत होते, तरी मधूनच एखादा शब्द अडला की हिरातासाहेब हाक मारत, "मंदासान!" आणि मंदा बांधावरून धावत जाई. शाळा बुडाली होती, ती अण्णांच्या परवानगीने. पोलकं चिखलाने माखलं, ते कुणाच्याच परवानगीने नाही.

दुपारी झाडाखाली सुमतीबाईंनी डबा सोडला. वरच्या पुड्यात भात आणि लिंबू. खालच्या पुड्यात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मंदाने उघडलं, आणि बघतच राहिली. खरवड! चांगली जाड, तांबूस, एकसारखी. चुकून लागलेली नव्हेच.

"आई! मुद्दाम लावलास भात?"

"बोलू नको मोठ्याने," सुमतीबाई इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "लोक काय म्हणतील. दोन वाटे कर. मोठा भाऊजींना."

हिरातासाहेबांनी आपला वाटा घेतला, मंदाचा बघितला, आणि बापाचा मान म्हणून तिच्या वाट्यातला एक तुकडा अलगद उचलला. मंदाने भांडण काढलं. ते खूप हसले.

मग त्यांनी चिखलाचे पाय पसरले, हिरव्यागार ओळींवरून नजर फिरवली आणि पूर्वेच्या बाजूला बोट केलं.

"मंदासान, हे टिटवाळा ना?"

"हो."

"मग जपान," ते म्हणाले आणि खरवडीचा तुकडा तोंडात टाकला, "आता जवळच."